टपावरची होडी: कयाकसाठी कॅरियर निवडताना

पुण्याहून पश्चिमेला निघालं की तासा-दीड तासात कुठल्या ना कुठल्या धरणाचं पाणी लागतं. खडकवासला वीस-बावीस किलोमीटरवर, पानशेत आणि वरसगाव त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर, मुळशीही तेवढ्यातच, पवना त्याहून थोडं पुढे. भोरच्या बाजूला भाटघर आणि नीरा-देवघर. ताम्हिणी उतरून कोकणात गेलं की कोलाडची कुंडलिका. मुळशीचं पाणी घाटमाथ्यावरून खाली सोडून भिऱ्याला १९२७ पासून वीज होते, आणि वीज करून झालेलं तेच पाणी पुढे कुंडलिकेला मिळतं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे राफ्ट आणि कयाक चालतात. इतकं पाणी इतक्या जवळ असलेली मोठी शहरं देशात फार नाहीत. त्यामुळे स्वतःची कयाक घेऊन रविवारी पहाटे निघणारी माणसं आता पुण्यात दिसू लागली आहेत, याचं नवल नाही. नवल याचं वाटतं की होडीसाठी पन्नास हजार रुपये मोजणारा माणूस ती गाडीवर कशी चढवायची याचा विचार होडी घरी आल्यावर करतो.

मग शोध सुरू होतो. जी माहिती सापडते ती बहुतेक अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली असते. तिथल्या गाड्या लांब, रस्ते गुळगुळीत, घराला स्वतंत्र गॅरेज. पुण्यातला होडीवाला राहतो कोथरूडच्या किंवा वाकडच्या तिसऱ्या मजल्यावर, त्याची गाडी चार मीटरच्या आतली, आणि पानशेतकडचा शेवटचा रस्ता कसा असेल हे गेल्या पावसाळ्यावर अवलंबून. त्यामुळे तिकडचे सल्ले जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. रॅक सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी टपाची ताकद, मग होडीचं वजन आणि लांबी, मग रस्ता, आणि हे तिन्ही ठरल्यावर रॅक जवळजवळ आपोआप ठरतो. उलट्या क्रमाने गेलं की पैसेही जातात आणि होडीही धोक्यात येते.

टपाची ताकद हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत, बहुधा मागच्या पानांवर, टपावर चालत्या गाडीत किती किलो ठेवता येतील ते दिलेलं असतं. जगभरात मध्यम आकाराच्या गाड्यांना ७५ किलो आणि मोठ्या एसयूव्हींना १०० किलो हे नेहमी दिसणारे आकडे आहेत. आपल्याकडे रेनॉने ट्रायबर आणि कायगर या गाड्यांच्या जाहिरातीतच छतावरचे रेल ५० किलो पेलतात असं सांगितलं. हा प्रामाणिकपणा सगळीकडे नाही. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना जे चंदेरी किंवा काळे दांडे दिसतात ते केवळ शोभेचे असतात. प्लॅस्टिकचे, चिकटवलेले किंवा दोन-चार क्लिपांवर बसवलेले. गाडी रांगडी दिसावी एवढंच त्यांचं काम. अशा रेलला आडवे बार आवळून वर होडी बांधली तर पार्किंगमध्ये सगळं ठीक दिसतं, आणि चांदणी चौकाच्या उतारावर ब्रेक लागल्यावर रेल, बार आणि होडी असं तिन्ही एकत्र पुढे निघतं. रेल खरा की शोभेचा हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. माहितीपुस्तिकेत 'रूफ रेल' आणि त्यापुढे किलोचा आकडा असेल तर खरा. 'रेलवर सामान बांधू नये' अशी ओळ असेल किंवा आकडाच नसेल, तर शोभेचा समजावा. दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर इथे विसंबू नये.

आता हा ५० किलोचा आकडा घेऊन थोडा हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. या आकड्यात रॅकचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. शिवाय तो चांगल्या डांबरी रस्त्यासाठी असतो. ऑस्ट्रेलियातल्या ऱ्हायनो-रॅकसारख्या कंपन्या खडबडीत रस्त्यावर ही मर्यादा दीडने भागायला सांगतात, कारण प्रत्येक खड्ड्यात भार क्षणभर वाढतो आणि तो झटका रॅकच्या पायांनी झेलायचा असतो. धरणाकाठी उतरणारे आपले कच्चे रस्ते, आणि शहरातले गतिरोधक, खडबडीतच्या व्याख्येत निश्चित बसतात. ५० भागिले दीड म्हणजे साधारण ३३ किलो. त्यातून दोन बार आणि त्यांचे पाय यांचे पाच-सहा किलो गेले. होडी धरणाऱ्या क्रेडलचे तीन-चार किलो गेले. उरले तेवीस-चोवीस. बसायला वरून उघडी असते ती तीन मीटरची प्लॅस्टिकची कयाक वीस ते पंचवीस किलोची असते. म्हणजे अशा गाडीवर एक होडी, आणि तीही रिकामी. वल्ही, लाइफ जॅकेट, पाण्याचे कॅन सगळं गाडीच्या आत. नवरा-बायकोने दोन कयाक घ्यायच्या आणि दोन्ही आपल्या छोट्या गाडीवर चढवायच्या हा बेत इथेच संपतो. हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात.

उभ्या गाडीच्या टपावर दोन माणसांचा तंबू लावलेले फोटो पाहून काही जण म्हणतात की टप तर कितीतरी जास्त पेलतो. उभ्या गाडीचा आकडा वेगळा, चालत्या गाडीचा वेगळा. चालत्या गाडीत ब्रेक, वळण आणि वारा या तिन्हींचा जोर एकाच वेळी येऊ शकतो, आणि वरचं वजन गाडीचा गुरुत्वमध्य उचलतं. ताम्हिणीच्या वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते ती यामुळे. चालवणाऱ्याच्या हाताला ते पहिल्याच वळणात कळतं.

चार मीटरचा मुद्दा थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तो फक्त आपला आहे. २००६ पासून आपल्याकडे चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली. कंपन्यांनी मग याच मापात बसतील अशा गाड्या काढल्या, डिकी आखूड केली, मागची बाजू उभी कापली. पुण्यातल्या रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांमधल्या फार मोठ्या संख्येला हा नियम लागू पडतो. याचा टपावर परिणाम असा की पुढच्या आणि मागच्या बारमध्ये जागा कमी उरते. होडी स्थिर राहण्यासाठी दोन बारमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं; जाणकार होडीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतकं अंतर मागतात, आणि साठ सेंटिमीटरच्या खाली कोणीच जायला सांगत नाही. तीन मीटरच्या होडीला एक मीटर अंतर हवं. आपल्या हॅचबॅकवर ते सत्तर ते नव्वद सेंटिमीटर मिळतं. चालतं, पण मग पुढचा आणि मागचा दोर ऐच्छिक राहत नाही. साडेचार-पाच मीटरची समुद्री कयाक किंवा शर्यतीची के-वन घेतली, जिची आंतरराष्ट्रीय नियमानुसार लांबी ५.२० मीटरपर्यंत आणि वजन किमान १२ किलो असतं, तर वजनापेक्षा लांबीचा प्रश्न मोठा ठरतो. ३६५५ मिलिमीटरच्या वॅगन-आरवर ती दीड मीटर बाहेर येते. तिला ४३९५ मिलिमीटरची अर्टिगा किंवा त्याहून लांब गाडी हवी. म्हणजे होडी जितकी हलकी आणि वेगवान, तितकी गाडी मोठी लागते.

बार टपाला कसे धरतात यावरून रॅकचे चार-पाच प्रकार पडतात. पूर्वीच्या गाड्यांना दरवाज्यांच्या वर पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असायची. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, मारुती ओम्नी, जिप्सी. त्या पन्हळीला चिमट्यासारखे पाय आवळले की काम झालं, आणि मजबुतीत त्याला आजही तोड नाही. ज्याच्याकडे अजून चालती जिप्सी आहे त्याने रॅकची चिंता करू नये. त्यानंतरचा प्रकार उंच रेलचा, ज्याच्याखालून हात जातो. रेल खरा असेल तर हा सर्वांत सोयीचा, कारण बार पुढे-मागे सरकवता येतात आणि अंतर हवं तसं मिळतं. टपाला चिकटलेल्या सपाट रेलला वेगळे पाय लागतात, आणि ते गाडीच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावे लागतात. काही गाड्यांच्या टपात झाकणाखाली बोल्टची तयार जागा असते, ती असेल तर उत्तम, पण अंतर ठरलेलं. आणि शेवटी उघडा टप, जो आपल्याकडच्या बहुसंख्य हॅचबॅकना असतो. त्याला दरवाजा उघडून चौकटीच्या कडेत धातूची कडी अडकवतात आणि पाय टपावर दाबून बसवतात. ही पद्धत चांगली आहे, पण कडी त्या मॉडेलच्या चौकटीच्या वळणाचीच हवी. 'सगळ्या गाड्यांना बसते' असं लिहिलेली कडी कुठल्याच गाडीला नीट बसत नाही, दरवाज्याचं रबर दाबते आणि पहिल्या पावसात आत पाणी येतं.

थूल ही रॅक बनवणारी स्वीडनची कंपनी १९४२ पासूनची, याकिमा अमेरिकेतली. दोघांचीही कीर्ती योग्य आहे. त्यांच्या चाचण्या कडक असतात आणि टपावरच्या रॅकसाठी असलेल्या आयएसओ १११५४ या मानकाचा उल्लेख त्यांच्या कागदावर सापडतो. अडचण अशी की फक्त भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी त्यांचे जोड नेहमी मिळतातच असं नाही, आणि मिळाले तर किंमत होडीच्या निम्म्यावर जाते. देशी बनावटीचे अॅल्युमिनियमचे बार बरेच स्वस्त आहेत. त्यातले काही चांगले आहेत. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: बारवर किंवा खोक्यावर किलोचा आकडा छापलेला आहे का, पायाखालचं रबर टपाच्या वळणाला पूर्ण टेकतं का, आणि बोल्ट किती आवळायचा याचं माप दिलं आहे का. या तीनपैकी एकही नसेल तर तो बार घेऊ नये, कितीही चकचकीत असला तरी.

आणि मग आपलं देशी कॅरियर. टुरिस्ट गाड्यांच्या टपावर जे लोखंडी जाळीचं कॅरियर असतं, ज्यावर शिर्डीपासून गणपतीपुळ्यापर्यंत बॅगा जातात, त्याकडे कयाकवाले जरा तुच्छतेने पाहतात. हे अन्याय्य आहे. ते मजबूत असतं, त्याला दोर बांधायला पन्नास जागा असतात, आणि नाना पेठेत किंवा भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आपल्या मापाने करून मिळतं. जुनी बोलेरो किंवा सुमो असेल तर मी बिनदिक्कत हेच सुचवीन. पण त्यात दोन दोष आहेत. एक म्हणजे वजन. लोखंडी जाळी सहज वीस किलोच्या वर जाते, आणि ते टपाच्या आकड्यातून वजा होतं. म्हणून छोट्या गाडीला ते नकोच. दुसरा दोष कडांचा. कॅरियरच्या उभ्या कठड्यावर होडीचं पोट टेकलं की घासून चरे पडतात आणि दोन फेऱ्यांत प्लॅस्टिक खोल कापलं जातं. उपाय असा की पुढच्या आणि मागच्या बाजूचा कठडा करून घेतानाच काढता येण्याजोगा ठेवायचा, आणि आडव्या पट्ट्यांना फोमची नळी गुंडाळायची. प्लंबरकडे गरम पाण्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी यासाठी उत्तम, आणि फारच स्वस्त.

इथे कायद्याचं थोडं बोलावं लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. कायद्याच्या भाषेत बदल म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा तिच्या रचनेतला बदल. पाना लावून चढवला-उतरवला जाणारा रॅक आणि टपाला वेल्डिंग करून किंवा भोकं पाडून कायमचं बसवलेलं कॅरियर, यांतलं पहिलं त्या व्याख्येपासून बरंच लांब आहे. खासगी गाडीवाल्याने काढता येणारंच घ्यावं, हा माझा सल्ला. टपाला भोक पाडलं की गंज आणि गळती ही दोन दुखणी शिवाय मागे लागतात. दुसरं कलम १९४ (१-अ), २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. गाडीतला माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, आणि माल उतरवून ठेवण्याचा खर्चही आपलाच. म्हणून लांब होडी घेताना गाडीच्या लांबीचा विचार नुसता सोयीपुरता राहत नाही. होडी गाडीच्या रुंदीबाहेर कधीच जाऊ नये, मागे आलेल्या टोकाला लाल कापड आणि अंधारात लाल दिवा हवा, आणि होडीची लांबी अशी निवडावी की वाद घालायची वेळच येऊ नये. चार मीटरच्या गाडीला तीन ते साडेतीन मीटरची होडी, ही माझी मर्यादा.

बारवर होडी ठेवायची कशी याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण खरी निवड दोन-तीनांतच आहे. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे क्रेडल होडीला कुशीवर धरतात. होडी कमी रुंदी घेते, शेजारी दुसरी बसते, आणि कडेवर ठेवल्यामुळे पट्टा कितीही आवळला तरी पोटाला पोचा पडत नाही. गुण मोठे आहेत. पण उंची वाढते, आणि वाऱ्याला मोठी बाजू मिळते. सपाट खोगिरासारखे सॅडल होडीला पोटावर किंवा पालथं ठेवतात. उंची कमी, वारा कमी, चढवणं सोपं. तिसरा प्रकार फोमच्या ठोकळ्यांचा, जे बारवर खाचेने बसतात. एका होडीसाठी आणि तास-दोन तासांच्या प्रवासासाठी ते पुरेसे आहेत. पुण्यातून पानशेत-मुळशीला जाणाऱ्या माणसाने मोठा खर्च बार आणि पट्ट्यांवर करावा, क्रेडलवर नाही.

उंचीचा आकडा प्रत्यक्ष मांडून पाहा. वॅगन-आर १६७५ मिलिमीटर उंच. वर बार आणि पाय धरून १.८ मीटरच्या जवळपास. होडी सपाट ठेवली तर सुमारे २.१५. जे-क्रेडलमध्ये कुशीवर ठेवली तर २.४ च्या पुढे. मॉलच्या तळघराच्या तोंडाशी लटकवलेल्या पाट्यांवर बहुधा २.१ मीटरच्या आसपासचा आकडा असतो, आणि आपल्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तुळईखाली, ड्रेनेजच्या पाइपखाली किती जागा आहे हे कुणीच मोजलेलं नसतं. रॅक घेण्याआधी टेप घेऊन ती जागा मोजावी, पाइपाचा सर्वांत खालचा वाकडा भाग धरून. उंच गाडीचा आणखी एक प्रश्न चढवण्याचा. एकट्या माणसाला पंचवीस किलो डोक्यावर उचलून क्रेडलमध्ये टाकणं जमत नाही, आणि जमलं तरी पाठीला परवडत नाही. त्यापेक्षा मागच्या काचेवर आणि टपाच्या कडेवर जाड गोधडी टाकायची, होडीचं पुढचं टोक तिच्यावर टेकवायचं आणि मागून ढकलत न्यायची. अर्धंच वजन एका वेळी उचलावं लागतं. सपाट सॅडल किंवा फोम असेल तर हे सहज होतं, जे-क्रेडलमध्ये होत नाही. एकट्याने वल्हवायला जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा निर्णायक आहे.

आता पट्टे. रॅक हजारोंचा आणि पट्टे जुन्या बाजारातले, असं पुष्कळदा दिसतं. रॅकपेक्षा पट्टा आधी तुटतो हे लक्षात घेतलं तर हा हिशेब उलटा असायला हवा. पट्ट्याला कॅम बकल हवं, ज्यातून पट्टा हाताने ओढायचा आणि दातेरी चाप तो धरून ठेवतो. ट्रकवर माल आवळायला वापरतात ते खटखट आवाज करणारं रॅचेट नको. रॅचेटने इतका ताण देता येतो की पॉलिथिलीनची होडी आत दबते आणि बार वाकतो. आपल्या बहुतेक होड्या ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाक्या बनतात: पॉलिथिलीनची भुकटी साच्यात टाकून, साचा फिरवत तापवून. टाकी पाण्याने भरलेली असते म्हणून उन्हात टिकते. रिकामी होडी एप्रिलमध्ये चाळीस अंशांत टपावर आवळून चार तास उभी ठेवली की प्लॅस्टिक मऊ होतं आणि पट्ट्याखाली पोट आत जातं. परदेशी लेखांत या गोष्टीला एखाद-दुसरी ओळ मिळते. आपल्याकडे तिला परिच्छेद हवा. फेब्रुवारी ते मे या काळात होडी कुशीवर किंवा पालथी ठेवावी, पोहोचल्यावर लगेच पट्टे सैल करावेत, आणि गाडी उन्हात उभी करून मिसळ खायला जाऊ नये. होडी किंचित दबलीच तर घाबरायचं कारण नाही. बांधणं काढून दिवसभर उन्हात मोकळी ठेवली की ती पुष्कळशी मूळ आकाराला येते.

पट्टा होडीवरून टाकताना त्याला एक-दोन पीळ द्यावेत. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि ऐंशीच्या वेगाला गाडीत कान किटेल असा गुणगुणाट होतो. पीळ दिला की तो थांबतो. बकलचा धातू होडीला किंवा काचेला लागू नये. उरलेलं टोक बांधून टाकावं, दरवाज्यात चेपून नाही, कारण पावसात तेच टोक वातीसारखं पाणी आत आणतं.

पुढचा आणि मागचा दोर हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वादाचा भाग. बरेच जण म्हणतात, पट्टे पक्के असले की दोर कशाला. माझं म्हणणं असं की आखूड टपाच्या गाडीवर दोर हवेतच. पट्टे होडीला खाली दाबून धरतात; पुढे-मागे सरकण्याला ते फक्त घर्षणाने अडवतात, आणि पावसात ते घर्षण आणखी कमी होतं. जोरात ब्रेक लागला तर होडी तिच्या वजनाच्या जवळपास तेवढ्याच जोराने पुढे जायला बघते. शिवाय बार किंवा रेल सुटलाच तर होडी मागच्या दुचाकीवर पडण्याऐवजी गाडीला लटकलेली राहते. पुण्यात आपल्या मागे नेहमीच दुचाकी असते, म्हणून हा दोर मला आपल्यापेक्षा त्या माणसासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे दोर अडकवायला आजच्या गाड्यांना जागा नसते. त्यासाठी बॉनेटखालच्या बोल्टला आवळून वर काढायचे कापडी फासे मिळतात, किंवा पत्र्याच्या कडेत अडकणारे. दोर ताणायला ट्रकवाले ताडपत्रीवर मारतात ती फास घालून दुप्पट ओढायची गाठ शिकून घ्यावी. कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर ती आनंदाने शिकवतात. पुढचा दोर इतकाही ताणू नये की होडीचं नाक खाली वाकेल. सैल नाही आणि ताठही नाही, एवढं पुरे.

निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबून सगळं हाताने हलवून पाहायचं. पिरंगुटच्या पुढे चहाला थांबणारच असतो, तेव्हा. गाडी हलली पाहिजे, होडी नाही. वेगाचा नियमही सोपा आहे: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरला गेलं की जोर दीडपटीहून जास्त. एक्स्प्रेसवेवर शंभरची मुभा असली तरी टपावर होडी असताना ऐंशी ही माझी मर्यादा. घाटात समोरून एसटी किंवा ट्रक गेला की बाजूने हवेचा धक्का बसतो, तो कुशीवर ठेवलेल्या होडीला जास्त.

इतकं सगळं वाचून एखाद्याला वाटेल की टपाचा नाद नको, हवा भरायची कयाक घ्यावी. हा विचार चांगला आहे आणि त्याला मान द्यायला हवा. इंटेक्सची दोघांची एक्स्प्लोरर के-टू तीन मीटरहून थोडी जास्त लांब, १८० किलो पेलणारी, आणि घडी करून पिशवीत मावणारी. रॅकचा सगळा खर्च वाचतो. पण पुण्यात दोन अडचणी येतात. आपल्याकडे कितीतरी गाड्या सीएनजीवर आहेत आणि डिकीत सिलिंडर बसलेला असतो. पिशवी मग मागच्या सीटवर येते आणि दोन माणसं कमी होतात. दुसरी अडचण काठावरची. धरणाचं पाणी उतरलं की काठाला बाभळीचे काटे आणि धारदार दगड उघडे पडतात, आणि मुळशीसारख्या उघड्या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटला की हवेची होडी पानासारखी भरकटते. शांत पाणी, सकाळची वेळ, काठाची माहिती, एवढं असेल तर ती घ्यावी. घडीची होडी कमी प्रतीची असते असा समज मात्र मनातून काढावा. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्महून कापडी घडीच्या कयाकमध्ये निघाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून खाली गेला आणि सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला.

चार-पाच होड्या एकत्र न्यायच्या असतील तर टपाचा विचार सोडून छोटा हत्ती ठरवावा. त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास आहे, म्हणून तीन मीटरची होडी मागे बाहेर येते. मोठं पिकअप मिळालं तर बरं. खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि कुणाच्याच गाडीचा टप वाकत नाही. संगमाजवळच्या सीओईपीच्या बोट क्लबने जवळजवळ शंभर वर्षं दुसरीच वाट धरली आहे: होड्या पाण्याकाठीच राहतात, माणसं तिथे येतात. दरवर्षीच्या रेगाटात दिसणाऱ्या त्या सगळ्या कयाक आणि पंट कुणाच्या टपावरून आलेल्या नसतात. धरणांच्या काठी, जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन, खासगी होड्या भाड्याने ठेवण्याच्या साध्या पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या तर पुण्यातल्या निम्म्या होडीवाल्यांना रॅक लागणारच नाही. ही मागणी लावून धरण्यासारखी आहे. खडकवासल्याचं पाणी पिण्याचं, काठाशी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, त्यामुळे तिथे हे अवघड. पण पवना आणि भाटघरच्या काठी करून पाहायला हरकत नसावी. होडी टपावर आणली म्हणजे कुठल्याही काठावरून पाण्यात उतरता येतं असं नाही, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

आता सगळा हिशेब धरून मी कुणाला काय सुचवीन ते सांगतो. एकट्याने किंवा दोघांनी जवळच्या धरणावर जाणारा, चार मीटरच्या आतली गाडी असलेला: मॉडेलप्रमाणे कडी असलेले अॅल्युमिनियमचे दोन बार, फोमचे ठोकळे किंवा सॅडल, दोन कॅम बकलचे पट्टे, दोन दोर. खरे रेल असलेली मोठी गाडी आणि दोन होड्या: जे-क्रेडल घ्यावेत, पण पार्किंग मोजून. तारकर्लीपर्यंत जाऊन समुद्रात वल्हवणारा: अॅल्युमिनियमच, कारण खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट दोन मोसमांत धरून बसतात, आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने रॅक धुणं होडी धुण्याइतकंच आवश्यक. पॅनोरमिक सनरूफ असलेल्या गाडीवाल्याने माहितीपुस्तिका दोनदा वाचावी, कारण काही कंपन्या अशा टपावर भार नको म्हणतात. थारच्या कापडी किंवा फायबरच्या टपावर काही बांधू नये.

काम नसताना बार उतरवून ठेवावेत. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला होता की तिथल्या हलक्या वाहनांच्या इंधनातला हजारातला जवळजवळ एक भाग टपावरच्या रॅकपायी जातो, आणि त्यात रिकाम्या रॅकचा वाटा मोठा आहे. पुण्यातल्या माणसाला यासाठी सोयीचा मोसमही आहे. जूनमध्ये धरणं भरू लागली आणि काठावर बंदीचे फलक लागले की बार काढावेत, पायाखाली अडकलेली वाळू पुसावी आणि टपावर डाग धरला असेल तर तो पॉलिशने घालवावा. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा चढवताना पायांची रबरं चिरली आहेत का पाहावं, पट्ट्यांची शिवण उजेडात धरून पाहावी, आणि बोल्ट अंदाजाने न आवळता दिलेल्या मापाच्या टॉर्क पान्यानेच आवळावेत. तो पाना गॅरेजवाल्याकडे असतोच. मागितला तर देतो.